इंग्रजी गोष्टीत शब्द पुन्हा आला तर बिघडत नाही

फोंडा-डिचोलीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: इंग्रजी लघुकथेत एकच शब्द दोनदा आला की गोष्ट कच्ची, आणि ‘सेड’ (said, म्हणजे ‘म्हणाला’) तर लिहूच नये. असा नियम नाही.

पणजी-बेती फेरीबोटीवरची गोष्ट घ्या. पहिल्या ओळीत ‘फेरी’, दुसरीत ‘व्हेसल’, तिसरीत ‘वॉटरक्राफ्ट’ लिहिलं, तर मांडवीत तीन बोटी उतरल्या असं वाचणाऱ्याला वाटेल. या खोडीला ‘एलिगंट व्हेरिएशन’ म्हणतात. इंग्रजी भाषेचे अभ्यासक फाउलर बंधूंनी 1906 मध्येच तिच्यावर टीका केली होती. ‘सेड’ डोळ्यांना टोचत नाही. ‘एक्स्क्लेम्ड’, ‘रिटॉर्टेड’ यांची रांग लागली की मात्र संवाद बाजूला राहतो आणि क्रियापदंच मिरवतात. कोण बोलतंय ते उघड असेल तिथे ‘सेड’ही गाळता येतं.

मेसेजमध्ये तथ्य एवढंच की सलग पाच वाक्यं ‘ही’ (he, म्हणजे ‘तो’) या सर्वनामाने सुरू झाली तर कंटाळा येतो. पण त्यासाठी शब्दकोश कशाला? दोन वाक्यं जोडा, एखादं स्थळ-काळापासून सुरू करा, उगाच आलेले ‘व्हेरी’ आणि ‘सडनली’ खोडा. प्रसंगात दोन पुरुष असतील, तर नाव बिनधास्त पुन्हा लिहा.