सरकणारा प्रत्येक दिवा ड्रोन नसतो

बीड-जालन्याकडच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरणारा एक दावा असा: रात्री गावावरून सरकणारे दिवे ड्रोनचेच असतात, कारण उपग्रह नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, शिवाय दिवा मध्येच विझतो आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटोही येत नाही.

उपग्रह दिसतात. त्यांना दिवा नसतो, अंगावर पडलेल्या उन्हाने ते चमकतात. आपल्याकडे अंधार पडला तरी 400 किलोमीटरवर सूर्य मावळलेला नसतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा शुक्रासारखं ठळक दिसतं आणि चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडतं. लुकलुकत नाही, थांबत नाही, आवाज करत नाही.

मध्येच विझणं हाच उलट उपग्रहाचा पुरावा. तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो. संध्याकाळी बहुधा पूर्वेच्या बाजूला. सूर्यास्तानंतर साधारण दीड तासाने हे स्थानक डोक्यावर आलं तरी दिसत नाही. त्यामुळे रात्री बाराला वाड्यावर घिरट्या घालणारा, लाल-हिरवा दिवा उपग्रह नव्हेच. तिथे पोलिसांना कळवणं योग्य.

एका रेषेत सरकणारी दिव्यांची माळ बहुतेक वेळा स्टारलिंकची, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांची. सोडल्यानंतर काही दिवस हे उपग्रह एकामागे एक असतात, मग पांगतात.

राहिला फोटो. मोबाइलचा नाइट मोड अनेक फ्रेम जुळवतो आणि हलणारी गोष्ट पुसून टाकू शकतो, म्हणून सरकत्या दिव्याची रेघ येत नाही. सेटिंग हाताने ठरवता येणारा प्रो मोड घ्या: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 800, शटर 15 ते 20 सेकंद उघडं, फोकस अनंतावर, 2 सेकंदांचा टायमर, आणि मोबाइल ट्रायपॉडवर. आकाश पांढरं पडलं तर आयएसओ 400 करा. वेगळा कॅमेरा असेल तर 18 मिमीची लेन्स आणि एफ/3.5 हे छिद्र (अॅपर्चर) पुरतं; लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, एखादा ठळक तारा मोठा करून फोकस लावा. दीर्घ एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शन आठवणीने बंद करा. ते चालू असलं की 20 सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकतो आणि रेघ तुटते.

उपग्रह कधी, कुठून जाणार हे सांगणाऱ्या हेव्हन्स-अबव्ह या संकेतस्थळावर मुंबई नको, आपलंच गाव निवडा, नाहीतर उंची आणि दिशा चुकते. क्षितिजापासून 40 अंशांपेक्षा उंच जाणारी फेरीच धरा. फोटोत उपग्रहाची रेघ सलग आणि सरळ येते, विमानाच्या रेघेवर ठरावीक अंतराने ठिपके पडतात, ड्रोनची रेघ वळते किंवा एका जागी साचते. शंका असेल तर मेसेज पुढे ढकलण्याआधी असा एक फोटो काढून गटावर टाका, वेळ आणि दिशेसह.