दर्यापूरवाल्या भाऊंना : खारपाण, खानदान अन किडनीतले फोड

मागच्या लेखावर दर्यापूरकडच्या एका भाऊंनी लय चिडून लिहिलंय की तुम्ही सिस्टची बिमारी (पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे किडन्यांत पाण्याचे फोड होतात ती) खानदानी म्हणून सांगता अन लोकांच्या पोरींची लग्नं मोडता, आमच्या बाबांची अन आत्याची किडनी खारपाणामुळं, म्हणजे जमिनीतल्या खाऱ्या पाण्यामुळं गेली, आमच्या रक्तावर काहून घसरता.

भाऊ, खारपाणावरून तुमच्याशी भांडण नाहीच. पूर्णाकाठच्या गावांना गोडं पाणी मिळालंच पाहिजे अन तिथल्या किडनीच्या पेशंटची नीट तपासणीही झाली पाहिजे. पण तुम्हीच लिहिलं की बाबांच्या सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फोडांनी भरलेल्या अन साइज १८ सेंटीमीटर. चांगली किडनी असते १०-११ची. हळूहळू निकामी होत गेलेली किडनी बहुतेकदा आकसते, शुगरवाल्यांची सोडा, अन ही तर द्राक्षाच्या घडासारखी फुगली. हे पॉलिसिस्टिक किडनीचं लक्षण आहे. अन त्याच हापशीचं पाणी तुमच्या आईनं लग्न होऊन आल्यापासून पेलं, तिच्या किडनीत एक फोड नाही, हेही तुमचंच वाक्य.

आता लग्नाचं. आईबापापैकी एकाला ही बिमारी असली की प्रत्येक लेकराला ५० टक्के चान्स, पोरगा असो का पोरगी, अन ज्याला तो जीन आलाच नाही त्याच्या लेकरांकडं ती त्याच्याकडून जात नाही. म्हणजे न तपासता सगळ्याच भावंडांनी भीती घेऊन बसायचं का? अन उद्या किडनी बसवायची पाळी आली तर द्यायला भाऊ-बहीणच पुढं येणार ना, तेव्हा त्यांच्यात फोड निघाले तर ती किडनी चालत नाही, मग काय करसान? (साठीतल्या माणसाला एखादा साधा सिस्ट निघाला तर ते वयाचं असते, त्याच्यासाठी अख्खं खानदान तपासायची गरज नाही.)

एक मात्र, विशीत सोनोग्राफी साफ आली म्हणजे सुटलो असं नाही, फोड मागाहूनही दिसू लागतात. चाळिशीनंतर साफ असली तर मग बरंच निर्धास्त.

"माहीत होऊन उपयोग काय" म्हणता, तर बाप्पा, या बिमारीत किडनी जायच्या कितीतरी आधी बीपी वाढते, तिशीतच, अन ते ताब्यात ठेवलं तर किडनी जास्त दिवस टिकते. टॉल्वाप्टन नावाची गोळीही आहे, फोडांची वाढ हळू करते, पण महाग, लिवरवर लक्ष ठेवा लागते अन सगळ्यांना देत नाहीत. पाथरीच्या काढ्यानं हे फोड जिरत नाहीत. अन कंबर दुखली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेऊन खाता ना, ते पहिले बंद करा. मी स्वतः मेडिकल चालवतो, माझंच गिऱ्हाईक तुटते, तरी सांगतो.

वय ३४ लिहिलंय तुम्ही, बीपी कधी पाहिला का? ग्रामीण रुग्णालयात जाऊन मोजून या अन आकडा इथं टाका, मग पुढचं भांडू.