माझं कुलूप, माझी चावी

आमच्या दहावीच्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात वर्षातून दोनतीनदा तरी लाईटवरून भांडण होतंच. यावेळी निमित्त असं की वळवाच्या पावसात गावाकडची लाईट गेली ती दीड दिवस आलीच नाही, मग एकाने वैतागून टाकलं, "सगळं खाजगी करून टाका एकदाचं, हे सरकारी जावई काय सुधारत नाहीत." लगेच दुसरा उठला, "म्हणजे अदानीच्या घशात घाला असं सरळ म्हण ना." मग वीज कर्मचाऱ्यांचा जानेवारी २०२३ चा संप उकरून काढून झाला, महागाई झाली, आणि शेवटी गाडी माझ्यावर आली. "तू सांग रे, मेलबर्नला सगळं प्रायव्हेटच आहे ना? तिकडे कशी लाईट जात नाही?"

जात नाही हे कुणी सांगितलं बाबा. १३ फेब्रुवारी २०२४ ला असं वादळ झालं इथे की हायटेन्शनचे मोठे टॉवर आडवे पडले, लॉय यांगचं पॉवर स्टेशन ट्रिप झालं, आणि पाच लाखांच्या वर घरं अंधारात. काही भागात लाईट यायला आठवडा गेला. तेव्हा सोशल मीडियावर लोक कंपन्यांना शिव्या घालत होते आणि लाईनवर काम करणाऱ्या पोरांना रस्त्यात थांबवून कॉफी देत होते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, कंपनी राहते बाजूला आणि शिव्या खातो तो वायरमन, कारण तोच एकटा समोर दिसतो.

मी इथे इलेक्ट्रिशियन आहे. इंजिनियर नाही, इलेक्ट्रिशियन. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की मी असंच दोनदा सांगतो, कारण समोरचा पहिल्यांदा ऐकून घेत नाही, "म्हणजे पॉवर इंजिनियर ना?" असं विचारतो, आणि खरं कळलं की प्रसादाची प्लेट हातात घेऊन जरा बाजूला सरकतो. असो. आमचे आप्पा बोर्डात लाईनमन होते, म्हणजे तेव्हा एमएसईबी होती, ६ जून २००५ ला तिचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झालं. गावात मात्र अजून सगळे 'बोर्ड'च म्हणतात.

आप्पांच्या काळात गावात एक दाजी होते. सगळ्या गावाचे दाजी. ते झिरो वायरमन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, झिरो वायरमन म्हणजे जो डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर चढतो, फ्यूज टाकतो, तारेला तार जोडणारा जंप बांधतो, पावसात तार ओढतो, आणि कुठल्याच हजेरीपटावर त्याचं नाव नसतं म्हणून झिरो. कधी एखाद्या ठेकेदाराकडून रोज सुटतो, कधी शेतकरी शंभर दोनशे हातावर ठेवतो. एका रात्री दाजी एका ठेकेदाराच्या कामावर खांबावर चढले. फोनवर विचारलं, "बंद हाय का?" पलीकडून आवाज आला, "बंद हाय, चढ." आणि लाईन बंदच होती, त्यात खोटं काहीच नव्हतं, पण खाली एका मळ्यात जनरेटर चालू होता, त्याला चेंजओव्हर, म्हणजे जनरेटर आणि बोर्डाची लाईन वेगळी ठेवणारा स्विच, नव्हता, आणि करंट उलटा आला. दाजी वाचले, उजवा हात कोपरापासून गेला. ठेकेदार म्हणाला हा आमचा माणूसच नाही. कागदावर ते खरंच होतं.

आप्पा अजून म्हणतात, "दोन्ही बाजूला डिस्चार्ज रॉड लावला असता तर काय झालं नसतं." बरोबर आहे त्यांचं, तो रॉड तारेतला करंट जमिनीत उतरवतो. पण रॉड कुणाकडे होता? रॉड पर्मनंट माणसाच्या नावावर स्टोअरमधून निघतो.

आता इथलं सांगतो. इथे आल्यावर माझा गावाकडचा आयटीआय आणि दहा वर्षांचा अनुभव तपासला गेला, मग वर्षभर दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम, वेगळं ट्रेनिंग, मग थिअरी, प्रॅक्टिकल आणि सेफ्टीच्या परीक्षा, तेव्हा कुठे ए ग्रेड लायसन्स हातात पडलं. तेव्हा फार चिडचिड व्हायची, की अरे मी ३३ केव्हीच्या यार्डात काम केलेला माणूस आणि हे मला सॉकेट बसवायला शिकवतायत. पण साइटवर पहिल्या दिवशी सुपरवायझरने हातात काय दिलं तर एक लाल कुलूप. वर माझा फोटो, नाव, फोन नंबर असलेला टॅग. ज्या सर्किटवर काम करायचं त्याचा ब्रेकर बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, चावी आपल्या खिशात, मग टेस्टरने तपासायचं, आणि टेस्टर चालतो की नाही तेही तपासायचं, मगच हात लावायचा. पाच जण काम करत असतील तर पाच कुलपं. माझं कुलूप दुसऱ्या कुणी काढलं तर त्याची नोकरी जाते. मालक असला तरी.

मला ते कुलूप हातात घेऊन दाजींचा फोन आठवला. "बंद हाय, चढ."

आता कुणी म्हणेल की ही गोऱ्या लोकांची शिस्त. अजिबात नाही. २००९-१० मध्ये इथल्या सरकारने घराघरांत छताला इन्सुलेशन बसवायची घाईची स्कीम काढली, गल्लोगल्ली ठेकेदार उगवले, कालपर्यंत दुसरंच काहीतरी करणारी पोरं छतावर चढवली, आणि त्यात चार पोरं गेली, त्यातली तीन शॉक लागून. मोठी चौकशी बसली त्यावर. म्हणजे घाई, ठेकेदार आणि न शिकलेला पोरगा एकत्र आले की मेलबर्न काय आणि माळशिरस काय, करंट पासपोर्ट बघत नाही.

फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने, आणि ग्रुपवरच्या दोन्ही पार्ट्यांना ती ऐकायची नसते.

माझी इथली पहिली नोकरी एका छोट्या ठेकेदाराकडे होती. आपलाच माणूस होता, म्हणजे भारतीय. अर्धे पैसे बँकेत, अर्धे रोख, ओव्हरटाइम विचारला की "व्हिसा आहे ना अजून?" असं हसत हसत विचारायचा. मी दीड वर्ष गप्प बसलो. हे लिहायला लाज वाटते पण बसलो. मग एका मोठ्या साइटवर दुसऱ्या कंपनीत लागलो, तिथे ईटीयू म्हणजे इलेक्ट्रिकल ट्रेड्स युनियन होती, आणि पहिल्याच आठवड्यात स्मोकोला, म्हणजे सकाळच्या चहाच्या सुट्टीत, एक म्हातारा डेलिगेट, म्हणजे साइटवरचा युनियनचा प्रतिनिधी, शेजारी येऊन बसला. युनियनचं नावही काढलं नाही त्याने. फक्त विचारलं, "आधीच्या ठिकाणी किती मिळायचे?" मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, तुला कमी मिळतं म्हणून उद्या माझंही कमी होणार, म्हणून मी तुझ्याशी बोलतोय, उपकार करत नाहीये.

मला वाटतं सगळं सूत्र तिथेच आहे.

साइटवर कंपनी आणि युनियनचा करार असतो, ईबीए म्हणतात. आमच्या करारात आठवड्याला ३६ तास, आरडीओ म्हणजे ठरलेली भरपगारी सुट्टी, तापमान ३५ च्या वर गेलं की काम बंद, आणि त्या साइटवर बाहेरून आणलेल्या माणसालाही तोच रेट. आप्पांना ३५ डिग्रीचं सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला, कारण सोलापूरला मार्चमध्येच लाईनमन ४० डिग्रीत खांबावर असतो. आम्ही निवडून दिलेला सेफ्टीचा प्रतिनिधी असतो, त्याला धोका वाटला तर तो कायद्याने काम थांबवू शकतो. आणि व्हिक्टोरियात, म्हणजे आमच्या राज्यात, १ जुलै २०२० पासून मालकाच्या निष्काळजीपणामुळे कामावर माणूस मेला तर २५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे असंच कुणी दयाळूपणे दिलेलं नाही. मेलेल्यांच्या आया आणि बायका पार्लमेंटच्या पायऱ्यांवर फोटो घेऊन उभ्या राहिल्या, युनियन त्यांच्या मागे उभी राहिली, त्यात कित्येक वर्षं गेली.

आता खाजगीकरणाचं. हो, व्हिक्टोरियाचं वीज बोर्ड, स्टेट इलेक्ट्रिसिटी कमिशन म्हणजे एसईसी, १९९० च्या दशकात जेफ केनेटच्या सरकारने तुकडे करून विकलं. आमच्या इथल्या तारा आता खाजगी कंपन्यांच्या आहेत, काहींचे मालक हाँगकाँगचे. लट्रोब व्हॅलीत, जिथे कोळसा आणि पॉवर स्टेशनं, तिथे हजारो नोकऱ्या गेल्या, आणि ती गावं अजून सावरलेली नाहीत, तिथल्या मॉरवेलच्या मेन रोडवर बंद दुकानं मी स्वतः मोजत गेलोय. विकून स्वस्ताई आली असं सांगणारा म्हातारा मला अजून भेटला नाही. आणि गंमत म्हणजे आता इथल्या लेबर सरकारने तेच एसईसी पुन्हा उभं केलंय. तेव्हा 'खाजगी करा' म्हणणाऱ्यांनी मेलबर्नचं उदाहरण जरा जपून द्यावं. आपल्याकडेही भिवंडीत वीज वाटायला टोरंट ही खाजगी कंपनी २००७ पासून आहे, पण औरंगाबाद, जळगाव, नागपूरच्या तशाच फ्रँचायझी गुंडाळाव्याच लागल्या ना.

पण उलट्या पार्टीलाही सांगायचंय. खाजगी कंपनीच्या तारेवर चढणारा इथला माणूस घर घेतो, पोरांना शिकवतो. आणि सरकारी कंपनीच्या तारेवर चढणारा आपला कंत्राटी पोरगा? तीच लाईन, तेच परमिट, शेजारी उभ्या पर्मनंट माणसाच्या कितीतरी कमी पगारात, आणि ठेकेदार बदलला की नव्याने चिकटायचं. मालक सरकारी असून त्याला काय मिळालं?

जानेवारी २०२३ चा संप आठवा. अदानीला भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई भागात महावितरणच्या जोडीने वीज वाटायचा समांतर परवाना हवा होता, त्याविरुद्ध तीसेक संघटना ७२ तासांच्या संपावर गेल्या, सरकारने मेस्मा म्हणजे संपबंदीचा कायदा लावला, आणि पहिल्याच दिवशी फडणवीसांबरोबर बैठक होऊन संप मागे. तीन कंपन्यांचं खाजगीकरण करणार नाही, उलट तीन वर्षांत ५०,००० कोटी घालू असं आश्वासन मिळालं. जिंकले म्हणून गुलाल उधळला. मागण्यांमध्ये कंत्राटी कामगारांचाही मुद्दा होता, पण बातमीत अदानीच राहिला, आणि घोषणाही त्याच जोरात होत्या. मी संपाच्या बाजूचा आहे, आजही. फक्त माझ्या मनातलं एवढंच, की तेवढ्याच ताकदीने 'कंत्राट्याला आमच्याएवढा पगार द्या, नाहीतर आम्हीही चढत नाही' म्हणून ७२ तासांची नोटीस का निघत नाही?

आणि कायदाच नव्हता असं नाहीये बरं का. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली), त्याच्या १९७१ च्या नियमांत तेव्हाच लिहिलं होतं की तेच काम करत असेल तर कंत्राटी माणसाला कायम माणसाएवढाच पगार. २६ ऑक्टोबर २०१६ ला सुप्रीम कोर्टानेही सरकारी हंगामी कर्मचाऱ्यांच्या केसमध्ये समान कामाला समान वेतन सांगितलं. ऑस्ट्रेलियात हे देशभर कायद्याने यायला डिसेंबर २०२३ उजाडला, 'सेम जॉब सेम पे' म्हणतात त्याला, आणि प्रत्यक्ष पगारात दिसायला नोव्हेंबर २०२४. म्हणजे कागदावर आपण यांच्या पन्नास वर्षं पुढे होतो! यांच्या कायद्यालाही भोकं आहेत, पंधरापेक्षा कमी माणसांच्या धंद्याला सूट वगैरे. पण इथे एजन्सीच्या माणसाच्या वतीने अर्ज घेऊन युनियन उभी राहते. आपल्याकडे कंत्राटी पोरांनी आपली वेगळी संघटना काढली, कारण मोठ्या संघटनांच्या ऑफिसात त्यांना खुर्ची मिळेना. एकाच खांबावरच्या दोन माणसांच्या दोन युनियन. ठेकेदाराला याहून काय हवं?

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. संपाचा कायदा आपल्यापेक्षा कडक वाटावा असा, करार संपल्याशिवाय संप नाही, त्याला आधी मतदान, मग नोटीस, मधेच उठून बसलात तर दंड. देशात युनियनचे मेंबर शंभरात जेमतेम तेरा उरलेत. बांधकामवाल्यांच्या मोठ्या युनियनमध्ये गुंड घुसल्याचे आरोप झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने तिच्यावर प्रशासक बसवला. त्याविरुद्ध मोर्चा निघाला, आमचेही पुष्कळ लोक गेले. मी गेलो नाही, डेलिगेट अजून त्यावरून टोमणे मारतो. युनियन आपली म्हणून तिच्यातली घाण पण आपली, हे मला पटत नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये गावी गेलो तेव्हा दाजींचा भाचा भेटला. तोही आता तेच करतो. मी त्याच्यासाठी एक लाल कुलूप नेलं होतं, टॅगसकट, जरा हौसेनेच. त्याने उलटसुलट बघितलं, खटकन लावून बघितलं, खूश झाला. मग म्हणाला, "भारी हाय दादा, पण लावू कुठं? आमच्या लाईन बंद करायच्या एबी स्विचच्या हँडलला कडीच राहिली नाय, तारेनं बांधलंय."

परवा फोनवर सांगत होता, कुलूप वाया गेलं नाय म्हणून. पेरू लय चोरीला जायचे, मळ्याच्या फाटकाला लावलंय.