कूलर ऊर्जेचा नियम मोडतो का? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका, इतकं बारकाईने वाचलंत त्याबद्दल खरंच आभार. तुमचं म्हणणं असं, की २०० वॅटचा कूलर ३ किलोवॅटचं काम करतो हे मी कूलरवरच्या लेखात लिहिलं ते ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमात (ऊर्जा नव्याने तयार होत नाही आणि नष्टही होत नाही) बसत नाही, आणि कूलरमधलं पाणी मुळात गार असतं म्हणून हवा गार होते, बाष्पीभवन वगैरे उगाच.

आधी पाण्याचं घेते. ग्वाल्हेरला मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला सोसत नाही. तिथल्या लश्कर भागातल्या आमच्या घरी तेच पाणी कूलरमध्ये भरतात आणि तासाभराने त्यात हात घालून बघा, चांगलं गार लागतं, बर्फ कोणी टाकलेला नसतो, मग ते गार कशाने झालं? १ लिटर पाणी १० अंशांनी तापायला साधारण ४२ हजार जूल लागतात पण तेच पाणी उडून जायला जवळजवळ २४ लाख जूल लागतात, आणि ही उष्णता गवताच्या जाळीतून जाणारी हवा आणि मागे उरलेलं पाणी यांच्यातूनच निघते. लोक कूलरमध्ये बर्फ टाकतात ना, तो १ किलो बर्फ वितळताना ३.३ लाख जूल घेतो, तेवढं काम नुसतं १४० मिलिलिटर पाणी उडालं की होतं!

आता ३ किलोवॅट. तासाला ५ लिटर पाणी उडालं तर १ कोटी २० लाख जूल, भागिले ३६०० सेकंद, म्हणजे ३३०० वॅटच्या आसपास, १ टनाचा एसी साधारण इतकीच उष्णता खेचतो. पण ही वीज नाही हो काका. वीज फक्त पंखा फिरवायला आणि पंपाने पाणी वर चढवायला लागते, ते २०० वॅट. हवेतली उष्णता नाहीशी झालेली नाही, ती बाष्पाबरोबर खिडकीतून बाहेर गेली, जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८व्या शतकात जो अप्रकट उष्मा (पाण्याचं बाष्प होताना त्यात दडून राहणारी उष्णता) शोधला तो हाच, आणि ते बाष्प कुठेही परत पाणी झालं की तिथे ती सगळी परत मिळते. मी मात्र लेखात "कूलर थंडी तयार करतो" असं लिहिलं होतं, ते चुकलंच, वाक्य बदललंय.

आणि एक सांगा, पाण्याच्या गारव्यानेच हवा गार होत असती तर ऑगस्टमध्ये, टाकीचं पाणी मेपेक्षा कितीतरी गार असताना, कूलर जास्त चालायला हवा होता ना? तेव्हा तर समोर बसलं तरी अंग चिकचिकतं, कारण हवेतच इतकं बाष्प असतं की जाळीवरचं पाणी फारसं उडतच नाही.