फिशरिंगचा खंदक आणि ड्रोस्टे घराणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जर्मनीतल्या फिशरिंग किल्ल्यावरचा माझा लेख सरंजामदारांचं कौतुक करतो. किल्ल्याभोवतीचं पाणी हा श्रीमंतीचा देखावा होता, मालक पिढ्यानपिढ्या आयतं खाणारे होते, आणि ज्यांच्या घामावर हे उभं राहिलं त्या शेतकऱ्यांना लेखात जागा नाही. यातला शेतकऱ्यांचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पण बाकीच्या दोन विधानांशी मी अजिबात सहमत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पाण्याबद्दल. फिशरिंग ज्या भागात आहे तो म्युन्स्टरलँड हा सपाट प्रदेश आहे. किल्ला बांधायला डोंगर नाही, कडा नाही, पण जमिनीखाली थोडं खणलं की पाणी लागतं. ज्याला संरक्षण हवं त्याने तिथे पाण्याचाच आसरा घेतला. फिशरिंगला श्टेव्हर नदीचं पाणी वळवून आणलेलं आहे. मुख्य वाडा एका बेटावर आहे, तर तबेले, कोठारं आणि कामकरी वस्ती दुसऱ्या बेटावर. तबेल्यांचं बेट शत्रूच्या हाती पडलं तरी वाड्याचं बेट लढवता यावं अशी ही रचना आहे. ओल्या जमिनीत असे वाडे ओकच्या खांबांवर उभे करत. खांब पाण्यात बुडालेले असतील तर हवा न लागल्यामुळे शतकानुशतकं टिकतात. पातळी खाली गेली की कुजायला लागतात. म्हणजे ज्या पाण्याला तुम्ही देखावा म्हणता, त्याच्यावर अशा वाड्याचा पायाच अवलंबून असतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जोडलेल्या नक्षीदार सज्जाला देखावा म्हणा, मी हरकत घेणार नाही.

आता मालकांबद्दल. हा किल्ला कुणा सरदाराने स्वतःच्या हौसेने बांधलेला नाही. 1271 साली म्युन्स्टरचा बिशप गेरहार्ड फॉन देर मार्क याने तो उभारला, आणि तोही सरदारांच्याच विरोधात. शेजारच्या ल्यूडिंगहाउझेनचे सरदार डोईजड झाले होते. म्युन्स्टरचा बिशप नुसता धर्मगुरू नव्हता, राज्यकर्ताही होता. त्याने त्या सरदारांच्या उशाशीच आपलं ठाणं बसवलं आणि वुल्फहाइम घराण्यातल्या अल्बर्टला तिथे नेमलं. अल्बर्ट बिशपचा ड्रोस्टे, म्हणजे त्याच्या वतीने कारभार पाहणारा अधिकारी होता. पुढे पद वंशपरंपरागत झालं आणि आपल्याकडच्या चिटणीसांसारखं हुद्द्याचंच आडनाव झालं: ड्रोस्टे त्सु फिशरिंग. ल्यूडिंगहाउझेनचं घराणं पंधराव्या शतकात संपलं. त्यांच्यावर पाळत ठेवायला बसवलेलं घराणं टिकलं.

मला या इतिहासात हेच खिळवून ठेवतं. चाकरी म्हणून हाती आलेला किल्ला हळूहळू मालकीचा होतो. 1521 च्या आगीत तो जळाला, तेव्हा जुन्या पायावर पुन्हा बांधला गेला. सतराव्या शतकाच्या अखेरीस घराण्याने मुख्य मुक्काम डारफेल्डला हलवला. अठराव्या शतकात म्युन्स्टर शहरात वास्तुविशारद योहान कोनराड श्लाउन याने त्यांच्यासाठी एर्बड्रोस्टेनहोफ हा भव्य वाडा बांधला. मग 1803 साली बिशपचं राज्यच खालसा झालं. नेमणूक करणारा धनी गेला, नेमलेले राहिले. ही वतनाची गोष्ट आहे. ती सांगणं म्हणजे कौतुक करणं, हे मला मान्य नाही. सत्ता कशी मुरते ते यातून दिसतं.

आणि हो, शेतकरी. म्युन्स्टरलँडमधले बरेच शेतकरी ‘आयगनबेहोरिश’ होते, म्हणजे जमिनीसकट धन्याला बांधलेले. लग्नाला धन्याची संमती लागे. शेत सोडून जायचं तर पैसे भरून मुक्तिपत्र घ्यावं लागे. घरातलं कर्तं माणूस गेलं की जंगम मालमत्तेतला वाटा, बहुतेकदा निम्मा, धन्याचा: गुरं, धान्य, भांडीकुंडी. घरात मयत झालेलं असताना ही मोजदाद होई, किंवा तिच्या बदल्यात रोख रकमेवर घासाघीस. 1770 साली बिशपच्या राज्याने हे सगळं कायद्यात नीट लिहून काढलं. यामुळे मनमानीला थोडा लगाम बसला, पण बंधन अधिकृतही झालं. ग्रँड डची ऑफ बेर्गमध्ये, म्हणजे म्युन्स्टर तेव्हा ज्यात होतं त्या नेपोलियनच्या अमलाखालच्या राज्यात, त्याच्या 12 डिसेंबर 1808 च्या हुकुमाने हे बंधन रद्द झालं, तरी जमिनीवरच्या देण्यांची भरपाई करत शेतकऱ्यांना पुढे प्रशियाच्या राज्यातही दशकं काढावी लागली. याबद्दल तुमचा राग रास्त आहे, माझाही आहे.

तरीही ‘सगळे आयतोबा’ हे विधान टिकत नाही. याच घराण्यातल्या क्लेमेन्स ऑगुस्टने 1808 साली म्युन्स्टरमध्ये घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या भगिनींचा संघ स्थापन केला. पुढे तो कोलोनचा आर्चबिशप झाला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या लग्नांतून झालेल्या मुलांचा धर्म कोणता, यावरून त्याचा प्रशियाच्या सरकारशी खटका उडाला. तो मागे हटला नाही, म्हणून 20 नोव्हेंबर 1837 रोजी सरकारने त्याला अटक करून मिंडेनच्या किल्ल्यात नेलं. त्याची भूमिका मला पटत नाही. लग्न करणाऱ्या जोडप्यांवर चर्चने अटी लादाव्यात हे मला चूकच वाटतं. पण या अटकेने जर्मनीतले कॅथलिक खडबडून जागे झाले आणि तिथल्या राजकारणाला वेगळं वळण लागलं. अशा माणसाला आळशी जमीनदारांच्या रांगेत बसवता येत नाही.

तुम्ही लेख मागे घ्यायला सांगितलंत. तो मी घेणार नाही. मात्र 1770 चा कायदा आणि त्याखाली जगलेली शेतकरी कुटुंबं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि पुढचा लेख त्यावरच असेल. तो वाचून पुन्हा जरूर लिहा, विरोधात असेल तरी.