मेडिकल असिस्टंटच्या ‘42 हजारां’बद्दल खुलासा

परवा इंदूरच्या आपल्या रामबाग ग्रुपवर मीच पुढे पाठवलेला मेसेज चुकीचा आहे: ‘सहा महिन्यांचं मेडिकल असिस्टंट सर्टिफिकेट, नर्स म्हणून महिना 42 हजार पगार.’ काल पगारांचा मूळ तक्ता उघडून पाहिला. हा आकडा अमेरिकेचा, मे 2023 चा. तोही डॉलरमध्ये आणि अख्ख्या वर्षाचा! शिवाय आपल्याकडे नर्सिंगच्या नोंदणीसाठी एएनएम (सहायक नर्स व प्रसूती सेविका) हे शिक्षण दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग व प्रसूती सेवा) तीन वर्षांचं. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर ती नोंदणी होत नाही. शेजारच्या काकू लेकीच्या फीसाठी बांगड्या मोडायला निघाल्या, तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. फी भरण्याआधी जवळच्या दोन-तीन नर्सिंग होममध्ये सुरुवातीचा पगार विचारून या. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथे हा खुलासा टाका.