धोरण ठरवायचंय? आधी येऊर गाठा

नुकतेच एखाद्या शिक्षणसंस्थेचे विश्वस्त झालात? अभिनंदन! आता कॉलेजबद्दल मोठमोठे निर्णय घ्यावे लागतील. घाबरू नका, आम्ही ठाणेकर प्राध्यापक हे जवळून बघत आलोय.

बैठक कॉलेजात घेऊ नका, तिथे पोरं असतात. ठाण्याजवळच्या डोंगरावर, येऊरला, भाड्याने बंगला घ्या, मिसळ सांगा, मागे ‘व्हिजन’ लिहिलेला बॅनर लावा.

शिक्षकांना बोलावू नका. प्रश्न विचारतात.

कायदा? २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात, कलम ९७मध्ये महाविद्यालय विकास समिती सांगितली आहे. शिक्षकांनी निवडून दिलेले तीन प्रतिनिधी, वर्षातून किमान चार बैठका. घ्या की! इतिवृत्त आधी टाइप करून ठेवायचं, सह्यांना शिपाई फिरवायचा. मी स्वतः स्टाफरूममध्ये, हातात चहाचा कप धरून, न झालेल्या बैठकीला हजर राहिलोय.

आणि काहीही मोडायचं असलं की ‘नॅकसाठी’ म्हणा, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेसाठी. आमच्याकडे गेल्या आठवड्यात तेच झालं. तिसऱ्या मजल्यावरची अभ्यासिका बंद, तिथे ‘इनोव्हेशन हब’. सोमवारी सकाळी व्हॉट्सअॅपवर परिपत्रक, दुपारी टेबलं जिन्याखाली. नॅकच्या निकषांत ग्रंथालयही येतं, पण येऊरला एवढं वाचायला वेळ कुणाला? हब म्हणजे काय तर नारिंगी बीन बॅग, काचेचं पार्टिशन आणि एक थ्रीडी प्रिंटर. प्लग जोडलेला नाही, कारण त्या भिंतीला पॉइंटच नाही! अभ्यासिकेत रात्री आठपर्यंत कळवा-मुंब्र्याची, दिव्याची पोरं बसायची. घरी एक खोली, त्यात सहा माणसं आणि टीव्ही. काल आमची टीवायची एक मुलगी जिन्यात बसून अकाउंट्सची गणितं सोडवत होती, शेजारी पोछ्याची बादली. मला बघून उठली आणि म्हणाली, “सॉरी सर.” सॉरी तिने म्हणायचं?

बस झाला उपरोध. अहो साहेब, लाज वाटत नाही? फी याच पोरांची घेता आणि बसायची जागा काढून घेताना त्यांना एका शब्दाने विचारत नाही. लायब्ररीयन मॅडमनाही परिपत्रकातूनच कळलं. तीन मजले चढून एकदा संध्याकाळी सात वाजता आला असतात तर रिकामी खुर्ची मिळाली नसती तुम्हाला. परीक्षा तोंडावर आहे. तुमचं उद्घाटन जेव्हा व्हायचं तेव्हा होऊ दे, ती टेबलं आधी वर न्या.